देवापुढं रडलं म्हणजे भक्ती कमी पडली का?

आमच्या शेजारच्या काकूंनी मागच्या पावसाळ्यात जिन्यात उभ्या उभ्या मला एक प्रश्न विचारला, हातात दुधाची पिशवी तशीच. म्हणाल्या, "अगं मी रोज हरिपाठ म्हणते, गुरुवार कधी चुकवला नाही, तरी पहाटे तीनला जाग येते आणि रडूच येतं बघ. माझी भक्ती कमी पडती का गं?" काका जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मला नीट उत्तर देता आलं नाही, "होईल हो काकू हळूहळू" असलं काहीतरी पुटपुटले आणि वर आले. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण बाबा गेले तेव्हा मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते, फक्त मोठ्यानं कुणाला विचारायची हिंमत नव्हती. नंतर बरंच वाचलं, जाणत्या माणसांशी बोलले, एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं स्वतः गेले, आणि त्यातून जे कळलं ते काकूंना सांगावं तसं इथं लिहितेय. देव, मन, मेंदू, आशा हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं आहे की कुणी एका वाक्यात सांगतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

आधी आध्यात्मिक बळ म्हणजे काय ते. आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय, की ज्याची श्रद्धा मोठी तो शांत, हसतमुख, डोळ्यात पाणी नाही, "त्याची इच्छा" म्हणून मोकळा. हे चित्र कुठनं आलं देव जाणे, पण आपल्या ग्रंथांत आणि संतांत तरी तेवढंच सापडत नाही.

गीतेचा पहिला अध्याय घ्या, जो आपण पटकन उरकून पुढं जातो. त्याचं नाव अर्जुनविषादयोग. विषाद म्हणजे खोल उदासी, आणि तिच्यापुढं चक्क 'योग' लावलाय. अर्जुन काय सांगतो बघा, हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कापरं भरलंय, कातडीची आग होतेय, धनुष्य हातातून निसटतंय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. आज कुणी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदा पॅनिक अटॅक आहे का हेच बघतील. आणि हे बोलणारा कोण तर त्या काळातला सगळ्यात मोठा धनुर्धर, शेजारी साक्षात श्रीकृष्ण बसलेला. म्हणजे देव शेजारी असला तरी हातपाय गळू शकतात, यात भक्तीचा काही संबंधच नाही.

पुढचा भाग तर मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रीकृष्ण आधी अर्जुनाला झापतात, की हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ. आपल्या घराघरात म्हणतात ना, "खंबीर हो, असं किती दिवस बसणार", तेच. आणि त्याचा उपयोग होत नाही! अर्जुन आणखीनच गोंधळतो, मग म्हणतो की मला काही कळेनासं झालंय, मी तुला शरण आलोय, तूच सांग, आणि वर 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसतो. तिथून पुढं खरी गीता सुरू होते, सगळी मिळून 700 श्लोकांची, त्यात अर्जुन मध्ये मध्ये शंका काढतो, तेच तेच परत विचारतो, आणि अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात की आता या सगळ्याचा विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. जबरदस्ती नाही. एवढा सगळा वेळ रथ तिथंच उभा आणि लगाम धरणारा उठून गेला नाही. मला तरी त्यातनं हेच दिसतं, की झापल्यानं बळ आलं नाही, 'मला कळत नाहीये' हे तोंडातून बाहेर पडल्यावर आणि ऐकणारा थांबल्यावर आलं.

आमच्या गावाकडं बायका गवताचा भारा डोक्यावर घेऊन येतात, लांबचा पल्ला असला की वाटेत उंच बांध बघून त्याला तो भारा टेकवतात, डोक्यावरनं पूर्ण उतरवत नाहीत, कारण परत चढवायला दुसरं कुणीतरी लागतं. भाऱ्याचं वजन तेवढंच राहतं, पण मानेला दोन मिनिटं आराम मिळतो आणि पुढचा पल्ला होतो. श्रद्धेचं बळ मला तसं वाटतं. काकूंचा हरिपाठ त्यांचं रडू थांबवणार नव्हताच कधी, तो बांध होता.

आम्ही साताऱ्यातले, तर आता समर्थ रामदासांचं बोलू. सज्जनगड म्हटलं की आपल्याला खणखणीत, ताठ कण्याचे समर्थ आठवतात, शेवटची वर्षं त्यांनी याच गडावर काढली, समाधीही इथंच. पण करुणाष्टकं कुणाची? त्यांचीच. ती कधीतरी घाई न करता वाचा, म्हणजे लहानपणी दिवेलागणीला म्हणायचो तशी गाडी सोडून नाही. मन आवरत नाहीये, तुझ्यावाचून थकून गेलोय, आता धाव, असं तो माणूस रामाला म्हणतोय. आणि याच माणसानं कृष्णाकाठच्या आणि आसपासच्या गावांत मारुती उभे केले, चाफळ, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, इकडं सांगली जिल्ह्यात बहे-बोरगाव आणि शिराळ्याला, असे अकरा प्रसिद्ध आहेत, आणि बळाची उपासना लोकांना शिकवली. एका हातानं करुणाष्टकं आणि दुसऱ्या हातानं मारुती. त्यांना या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या नाहीत, आपल्यालाच वाटतात, आपण म्हणतो एक तर रड नाहीतर खंबीर हो.

तुकोबांचं तर सगळ्यांना माहीत आहे, 1630 च्या आसपासचा तो भयानक दुष्काळ, त्यात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, पोरगा गेला. जनाबाई विठ्ठलाला कशा कडकडून शिव्या घालते तेही वाचा. देवावर रागावणं, रुसणं, भांडणं हे आपल्याकडं भक्तीतच धरलंय, बाहेर नाही.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त धीर कुणी दिला असेल तर मुक्ताबाईनं. लोकांनी टोचून टोचून बोललं, अपमान केला, आणि ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, बाहेर येईनात. म्हणजे ज्यांना आपण माउली म्हणतो, ज्यांनी पुढं सगळ्या जगासाठी पसायदान मागितलं, त्यांनाही एक दिवस दार लावून बसावंसं वाटलं. तेव्हा कोण गेलं तर धाकटी बहीण, आणि दाराशी उभी राहून म्हणत राहिली, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. एकदा म्हणून निघून गेली नाही, अभंगामागून अभंग म्हणत राहिली. यात दोघांचं काम आहे, बाहेरच्यानं थांबायचं आणि आतल्यानं कधीतरी कडी काढायची. एवढ्या मोठ्या योग्यालाही आतून एकट्याला ते जमलं नाही, बाहेरून कुणीतरी हाक मारायला लागली, मग आपण कोण.

आता शरीरात काय होतं ते, कारण नामस्मरणानं बरं वाटतं ही काही नुसती मनाची समजूत नाही. टेन्शनमध्ये आपला श्वास उथळ आणि भरभर होतो, छाती धडधडते, पोटात गोळा येतो, शरीराला वाटतं समोर वाघ आहे. हे सगळं आपल्या हुकमानं थांबत नाही, पण एक गोष्ट आपल्या हातात असते, श्वास. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की मेंदूतून हृदयाकडं आणि पोटाकडं जाणारी जी एक लांब नस आहे, तिला व्हेगस म्हणतात, तिच्यामार्फत शरीराला 'आता शांत हो' असा निरोप जातो. आणि नाम किंवा अभंग मोठ्यानं म्हणताना काय होतं? एक अख्खी ओळ एका श्वासात सोडावी लागते. आपोआप श्वास लांबतो.

2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, इटलीतल्या डॉक्टरांचा. त्यांनी 23 धडधाकट माणसांना एकदा ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा एक मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला साधारण 6 वर आली, एरवी ती 12 च्या वर असते, आणि हृदयाचे ठोके आणि ब्लड प्रेशर यांची एकमेकांशी लय जुळली. माणसं थोडी होती, त्यातून लगेच चमत्कार सिद्ध होत नाही. पण एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या दोन धर्मांतल्या म्हाताऱ्या बायकांनी माळ ओढता ओढता एकच लय शोधून काढली हे मला फार सुंदर वाटतं.

एक सावधगिरी मात्र सांगते, ही कुणी सांगत नाही. मन फार घाबरलेलं असेल तेव्हा काही लोकांना डोळे मिटून, गप्प बसून ध्यान केलं की आणखी त्रास होतो, आतले विचार अंगावर येतात. माझं तेच व्हायचं. मग वाटायचं आपल्याला ध्यानसुद्धा जमत नाही. तसं असेल तर डोळे उघडे ठेवा, मोठ्यानं म्हणा, चालता चालता म्हणा, भांडी घासताना म्हणा. आणि 108 चा हट्ट नको, 11 वेळा म्हणा, तेवढंही नको वाटलं तर उदबत्ती लावून पाच मिनिटं नुसतं बसा. पोथीत लक्ष लागत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका, लक्ष न लागणं हे डिप्रेशनचं ठरलेलं लक्षण आहे, पोथीचाच नाही तर पेपरचाही एक कॉलम तेव्हा वाचून होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, विनाकारण अपराधी वाटणं हेसुद्धा त्या आजाराचंच लक्षण आहे. म्हणजे "माझी भक्ती कमी पडली" हा काकूंचा विचार, तो कदाचित त्यांच्या भक्तीबद्दल काहीच सांगत नव्हता, त्यांच्या थकलेल्या मनाबद्दल सांगत होता. हे मला त्या दिवशी जिन्यात माहीत असतं तर बरं झालं असतं.

श्रद्धा आधार देते तशी ती टोचूही शकते, हेही सांगायला पाहिजे. अमेरिकेतले केनेथ पार्गामेंट नावाचे मानसशास्त्रज्ञ याच विषयावर काम करत आलेत, संकटात माणसं देवाकडं कशी वळतात यावर. त्यांच्या मांडणीत ढोबळ मानानं दोन वाटा आहेत. एका वाटेनं जाणारा म्हणतो, देव माझ्याबरोबर आहे, मी माझं काम करतो, तो बळ देईल. दुसऱ्या वाटेनं जाणारा म्हणतो, देवानं मला टाकलंय, ही मला शिक्षा आहे. 2001 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यात आलेल्या जवळपास 600 वयस्कर पेशंटांचा दोन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा देवानं आपल्याला टाकलं असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की हा झगडा चार दिवसांचा असेल तर एवढं नाही, जे त्यातच अडकून राहतात त्यांचं जास्त बिघडतं. म्हणजे देवाशी भांडायला हरकत नाही, जनाबाईसारखं तोंडावर भांडा, पण भांडण मनात कुजवत ठेवू नका, कुणाशी तरी बोला.

म्हणून मला ती भेटायला आलेल्यांची वाक्यं ऐकवत नाहीत. "मागच्या जन्मीचं काहीतरी असंल." "देव परीक्षा बघतो." "नवस फेडायचा राहिला असंल बघ." "रडू नको, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो." बाबांच्या दहाव्याला माहुलीच्या घाटावर, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं, कावळा पिंडाला लवकर शिवेना, तर एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोरीनं शेवटी दवाखान्याला उशीर केला, तेच मनात असंल त्यांच्या." बोलणारा बोलून गेला, चहा पिऊन घरी गेला. मी ते वाक्य दोन वर्षं उशाशी घेऊन झोपले. सांत्वनाला जाणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्या, कारण शोधून देणं हे आपलं काम नाही. दुःखातला माणूस ते काम रात्रभर स्वतःच करत असतो.

आपल्या जुन्या रीती मात्र, एक गोष्ट मान्य करावी लागेल, पहिल्या तेरा दिवसांचं बरंच शहाणपणानं बघतात. घरात चूल नाही, शेजारी भाकरी-पिठलं आणून देतात, माणसं सतत ये-जा करतात, रात्री गरुडपुराण, काय करायचं ते ठरलेलं, डोकं चालवायला लागत नाही. पण चौदाव्या दिवशी? पाहुणे एसटीत बसतात, गाद्या गोळा होतात, आणि घरात एक माणूस आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो. खरं दुःख तिथं सुरू होतं, आणि तेव्हा कुणी नसतं. पूर्वी वाड्यात, एकत्र कुटुंबात ते तरी निभून जायचं, आता फ्लॅटचं दार लावलं की ताटी लागली.

आता आशेबद्दल. आशा म्हणजे "सगळं छान होणार" असं वाटणं, असं आपण धरतो, आणि तसं वाटत नसलं की आपल्यात आशाच नाही म्हणून मोकळे होतो. चार्ल्स स्नायडर नावाचे अजून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1990 च्या दशकात हे फार सोपं करून मांडलं. त्यांच्या म्हणण्यानुसार आशेला तीन गोष्टी लागतात, कुठं जायचंय ते माहीत असणं, तिथं जायची एखादी वाट दिसणं, एक बंद पडली तर दुसरी सुचणं, आणि त्या वाटेवर आपण पाऊल टाकू शकतो असं वाटणं. छान वाटणं त्यात कुठंच नाही.

हे वाचल्यावर मला आमचे माण-खटावचे शेतकरी आठवले. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, पाऊस थांबता थांबत नाही, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटाव, तिथं आभाळाकडं बघत बसायचं. तिथला माणूस बाजरी पेरतो, पाऊस दडी मारतो, उगवलेलं करपतं, आणि तो दुबार पेरणीची तयारी करतो. त्याला विचारा, "यंदा पाऊस चांगला होणार का?" तो म्हणेल, "काय सांगावं." त्याला खात्री अजिबात नसते. पण बी कुठनं आणायचं, उधार कोण देईल, बाजरी नाही तर मटकी पेरता येईल का, हे तो बघत असतो. स्नायडर ज्याला आशा म्हणतात ती ही. दुःखात तिचा आकार फार लहान होतो, आणि होऊ द्यावा. वर्षाचं सोडा, महिन्याचं सोडा, उद्या सकाळी उठून आंघोळ करायची आणि खालच्या दुकानातून दूध आपणच आणायचं एवढंच ठरवायचं. काकूंच्या हातातली ती दुधाची पिशवी मला त्या दिवशी कळली नव्हती, त्या एवढं तुटलेल्या असताना रोज चार जिने उतरून दूध आणत होत्या.

माणमधलंच गोंदवले, तिथले ब्रह्मचैतन्य महाराज, 1845 ते 1913, नामस्मरणासाठी सगळ्यांना माहीत आहेत. पण 1876 च्या मोठ्या दुष्काळातली त्यांची गोष्ट सांगतात, की उपाशी लोकांना त्यांनी आपल्या शेतात खणायचं काम काढून दिलं आणि भाकरी दिली. नुसतं 'नाम घ्या' म्हणून बसवलं नाही, नुसती भीकही घातली नाही. हाताला काम, पोटाला भाकरी, तोंडात नाम. आजचे मानसोपचारवाले डिप्रेशनमध्ये एक गोष्ट करायला लावतात, इच्छा होण्याची वाट बघू नका, आधी छोटं काम करा, इच्छा मागनं येते. कारण उदास माणूस काही करत नाही, काही न केल्यानं अजून उदास होतो, हे चाक कुठंतरी थांबवायला लागतं. महाराजांचं नाव न घेता त्यांनी तेच सांगितलंय असं मला वाटतं.

आणि वारी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरेचं स्नान करून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, मग तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब, तिथं पहिलं उभं रिंगण, पुढं फलटण, बरड. बाबा गेले त्याच्या पुढच्या आषाढात मी लोणंद ते तरडगाव एवढंच चालले. श्रद्धेनं वगैरे नाही, मैत्रीण ओढून घेऊन गेली म्हणून. दिवसभर चालायचं, टाळाच्या तालावर पाऊल पडायचं, शेजारच्या बाईनं नावगाव न विचारता "माउली, पाणी घ्या" म्हणायचं. एका तालात चालणं आणि गाणं यानं अनोळखी माणसंही जवळ येतात यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय, पण मला तेव्हा एवढंच कळलं की संध्याकाळी पाय इतके दुखत होते की मन दुखायला जागाच उरली नाही, आणि कित्येक महिन्यांनी मी सकाळपर्यंत झोपले. त्या बाईनं मला माझं दुःख विचारलं नाही. तिचंही काहीतरी असणारच, वारीत रिकाम्या मनानं कोण येतं.

आता डॉक्टरांचं, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटणं, कशातच मन न रमणं, झोप आणि भूक बिघडणं, हे सलग दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरात मरण झालं असेल तर दुःखाला वेळ लागतोच, महिनोन् महिने लागतो, त्याला आजार म्हणायची घाई नको. पण रोजचं जगणंच थांबलं असेल, किंवा मरून जावं असे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि जा. कधी कधी थायरॉइड किंवा बी 12 कमी असल्यानंही असंच वाटतं, साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं, आणि आपण इकडं पारायणावर पारायणं करत बसतो. सरकारची टेली मानस म्हणून फोनसेवा आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर दुसऱ्यासाठी उपयोगी पडेल.

गोळ्या घेतल्या म्हणजे देवावरचा विश्वास कमी झाला असं होत नाही. चष्मा लावून पोथी वाचतोच की आपण. मी सात महिने गोळ्या घेतल्या, डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या, मनाला आलं म्हणून मी मधेच सोडल्या नाहीत, ते फार वाईट असतं.

आणि घरातल्या कुणाला असा त्रास होत असेल आणि कुणी म्हणालं की बाहेरचं आहे, अमक्याकडं न्या, तो उतरवतो, तर नेऊ नका. आपल्याच साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यासाठी आयुष्यभर झटले आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा आता गुन्हा आहे. श्रद्धा माणसाला उभं करते, मारहाण करत नाही, एवढा फरक ओळखायला विद्वान असावं लागत नाही.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्या प्रश्नानंतर मी काही फार शहाणपण केलं नाही, दर दोन-चार दिवसांनी एक डबा घेऊन जायला लागले, कधी आमटी, कधी थालीपीठ. डब्याचं एक बरं असतं, रिकामा डबा परत आणायला जावंच लागतं, म्हणजे दुसरी खेप आपोआप होते, "सहज आले" असं खोटं बोलायला लागत नाही. पहिल्यांदा त्या दारातूनच घ्यायच्या. मग आत बोलवायला लागल्या. मग एकदा काकांच्या शेवटच्या दिवसांचं सगळं बोलल्या, तासभर, मी मध्ये एक शब्द बोलले नाही, पंखा फिरत होता आणि कुकर गार होत होता. पुढं मीच त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेले, पहिल्यांदा "वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला" म्हणाल्या, मी माझी जुनी चिठ्ठी दाखवली तेव्हा आल्या. पहाटेचं रडू अजून येतं, कमी झालंय. हरिपाठ चालू आहे, आता गॅलरीत फेऱ्या मारत म्हणतात.

आपल्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. काकू आधीच्या सगळ्या महिन्यांत रिकामाच द्यायच्या, स्वच्छ घासून, पुसून, आणि मला ते समजत होतं. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्यांनी डबा दिला, घरी येऊन उघडला तर तळाशी शेंगदाण्याची चटणी होती, लसूण जरा जास्तच पडलेला.